क्लाविस आणि तिच्या दहा लेकी

आमच्या जिन्यातल्या अकरा घरांच्या चाव्या मी एका दुपारी खिळ्यांवरून उतरवल्या आणि त्यांची सरमिसळ करून टाकली. मला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी गळ घातली नव्हती. एकसष्टाव्या वर्षी, पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून केलं.

सुरुवात आमच्याच जेवणाच्या टेबलावर झाली. मुलगी मरोळला एका कंपनीत आहे. तिथे रोज लिस्बनच्या लोकांशी बोलावं लागतं म्हणून ती मोबाइलवर पोर्तुगीज शिकत होती. जेवतानाही तोंडातल्या तोंडात काहीतरी घोटत असायची. एका रविवारी ती मधेच थांबली आणि म्हणाली, "बाबा, दाराच्या चावीला पोर्तुगीजमध्ये काय म्हणतात सांगा."

"मला काय माहीत!"

"शाव. आणि पूर्वी चावे म्हणायचे. आपल्याकडे तीच आली. चावी त्यांची आहे, बाबा."

माझा घास हातातच राहिला. हे वाचून तुम्हाला वाटेल, एका शब्दाचं एवढं काय घेऊन बसायचं? पण आमच्या घरात तो शब्द म्हणजे सरहद्दीचा प्रश्न होता. बायको पुण्याची. ती 'किल्ली' म्हणते. मी मुलुंडमध्ये जन्मलो, इथेच वाढलो. मी 'चावी' म्हणतो. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, आणि या बत्तीस वर्षांत मी तिला किमान शंभरदा ऐकवलं असेल की किल्ली ही सदाशिव पेठेतली, कपाटात घडी घालून ठेवलेली मराठी. चावी ही मातीतली, कष्टकऱ्याच्या कमरेची मराठी. एकदा तर सासऱ्यांसमोर बोललो होतो. आणि आता ही मातीतली चावी गलबतातून उतरताना दिसत होती.

बायकोने मला अजून एक पळी आमटी वाढली. मग अगदी सावकाश म्हणाली, "म्हणजे बत्तीस वर्षं तुम्ही मला पोर्तुगीज शिकवत होता."

त्या धक्क्यानंतर माणसाने गप्प बसावं ना? मी उलट खोल गेलो. पुढचे पंधरा दिवस कॉम्प्युटरसमोर आणि वाचनालयातल्या जाडजूड कोशांसमोर काढले. आणि जितका खोल जाई तितका थक्क होत गेलो. पोर्तुगीजांचीही ती स्वतःची नव्हती. लॅटिनमध्ये क्लाविस म्हणजे चावी, आणि तिथून ती सगळ्या युरोपभर लेकीबाळींनी पसरली. इटलीत कियावे. फ्रान्समध्ये क्ले, तिथे शेवटी एक फ लिहायचा आणि म्हणायचा मात्र नाही, असा थाट. रुमानियात केये. स्पेनने सुरुवातीचा क गिळला आणि यावे केली. पोर्तुगालने क आणि ल दोन्ही गिळले, चघळले आणि त्यांचा च केला, तो आमच्या किनाऱ्यावर उतरवला, आणि नंतर स्वतः मात्र त्याचा श करून मोकळे झाले. म्हणजे त्यांचा जुना च आज त्यांच्या राजधानीत नाही, आमच्या मुलुंडला आहे. हे कळलं त्या दिवशी मी खुर्चीवरून उठून घरभर फिरलो.

आणि इंग्रजीतली की? तिचा या घराण्याशी काडीचा संबंध नाही. ती कुठून आली ते धड कुणालाच ठाऊक नाही म्हणतात. ज्या इंग्रजांनी जगभर कुलपं लावली त्यांच्याच चावीचे आईबाप सापडत नाहीत!

शेवटचा धक्का सगळ्यात मोठा. लॅटिनमध्ये क्लाविसचा एक सख्खा भाऊ आहे, क्लावुस. क्लावुस म्हणजे खिळा. चावी आणि खिळा एका घरातले, कारण पहिलीवहिली चावी म्हणजे भोकातून आत सारायची एक खुंटीच होती. फ्रेंचांनी या खिळ्याचा क्लू केला, आणि लवंग खिळ्यासारखी दिसते म्हणून तिलाही तेच नाव दिलं. इंग्रजांची क्लोव्ह तिथून निघाली. मी स्वयंपाकघरात जाऊन डब्यातली एक लवंग काढून उजेडात धरली. खरंच की, खिळाच! डोकंसुद्धा आहे. मग आठवलं, आपल्याकडेही खीळ आहे, कील आहे, आणि आमच्या हिची किल्लीही बहुधा त्यातूनच आली असणार. म्हणजे दोन हजार कोसांवरच्या, एकमेकांचं तोंड न पाहिलेल्या लोकांना खुंटीवरूनच चावी सुचली. ही शेवटची गोष्ट मी बायकोला सांगितली नाही. तिच्या किल्लीला एवढं जुनं कूळ मिळणं मला परवडणारं नव्हतं.

आमच्या सोसायटीत महिन्यातून एका शनिवारी तळमजल्याच्या हॉलमध्ये वाचनकट्टा भरतो. तीसेक मंडळी असतात, बरीचशी निवृत्त. आदल्या महिन्यात एकांनी मधुमेहावर सांगितलं होतं, त्याआधी एका बाईंनी श्रावणातल्या रानभाज्या दाखवल्या होत्या, खऱ्याखुऱ्या, टोपलीत घालून. भाज्या लोकांना फार आवडल्या. मी विषय दिला, 'चावीचं कूळ'. आणि ठरवलं की आपणही टोपली न्यायची.

आता इथे काकूंची ओळख करून द्यायला हवी. काकू आमच्याच मजल्यावर, जिन्याला लागून राहतात. मालवणकडच्या. यजमान गिरणीत होते. गिरणी गेली, मग यजमानही गेले. दोन्ही मुलं बदलापूरच्या पुढे राहायला गेली. काकू मात्र हललेल्या नाहीत, आणि म्हणूनच सगळ्या जिन्याच्या जास्तीच्या चाव्या त्यांच्याकडे असतात. कामाला जाताना चावी विसरली, मोलकरणीला आत सोडायचंय, गॅसवाला येणार आहे, की काकू. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक प्लायवूडची फळी आहे. तिच्यावर अकरा खिळे, खिळ्यांवर अकरा चाव्या. एकीवरही नंबर नाही, नाव नाही. हा काकूंचा कायदा. घरात चोर शिरला तरी त्याला कुठली चावी कुणाची ते कळता कामा नये. बरं, खिळे घरांच्या क्रमानेही नाहीत. वीस वर्षांत जो जसा चावी आणून देत गेला तसतसा खिळा ठोकला. त्यामुळे तो नकाशा फक्त एका डोक्यात.

शनिवारी तीन वाजता मी त्यांच्या दारात उभा राहिलो. दोन तासांसाठी चाव्या मागितल्या.

"सगळ्यो?" काकू म्हणाल्या. "कशाक?"

मी समजावलं. लॅटिन, पोर्तुगीज, गलबत. काकूंनी ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पाच वाजेपर्यंत आण. आणि हे बघ, एकेक काढ नि कागदावर लिवन ठेव, खयची खयल्या खिळ्यावरची ती. माका चावी बघून कळना नाय. माका खिळो बघून कळता."

आणि इथे माझी वाट लागली. कारण काकू 'खिळो' म्हणाल्या आणि माझ्या डोक्यात क्लावुस उजळला. चावीला खिळ्यावाचून अर्थ नाही! काय वाक्य मिळालं भाषणाला! मी खिशातून कागद काढला आणि लिहिलं, पण लिहिलं ते वाक्य. चाव्या उतरवून पिशवीत टाकल्या. काकूंना मला लिहिताना पाहून बरं वाटलं असावं. त्या आत चहा टाकायला गेल्या.

मी पस्तीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात काढली. आमच्याकडे कागदाला, नळीला, डब्याला, कशालाही लेबल लावल्याशिवाय टेबलावर ठेवत नसत. घरी येऊन मी पुठ्ठ्याचे छोटे तुकडे कापले, दोरा ओवला आणि प्रत्येक चावीच्या गळ्यात लेबल बांधलं. घराचं नाही, देशाचं. लॅटिनसाठी आमच्या घराची चावी ठेवली, कारण ती तेवढी मला ओळखू येत होती, आणि आईचा मान आपल्याकडे असावा असं वाटलं. बाकी इटली, फ्रान्स, स्पेन, पोर्तुगाल, रुमानिया, कातालोनिया, सिसिली, असं करत स्वित्झर्लंडच्या डोंगरातल्या एका भाषेपर्यंत गेलो. क्लाविस आणि तिच्या दहा लेकी. हिरव्या कापडावर मांडल्या तेव्हा मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

भाषण झकास चाललं होतं. मी खोटं सांगत नाही. स्पेनने क गिळला तिथे लोक हसले. पोपची निवड करताना धर्मगुरूंना खोलीत बंद करतात त्या सभेच्या नावातही हीच चावी आहे, चावीनिशी बंद केलेली ती कॉन्क्लेव्ह, यावर पहिल्या रांगेत कुणीतरी "अरे वा" केलं. 'अरे वा' ऐकल्यावर माझ्यासारखा माणूस थांबत नसतो. मी पोर्तुगालची चावी उचलली आणि म्हटलं, "ही आपली. हिने समुद्र पार केलाय. जरा हातात घेऊन बघा." आणि ती पहिल्या रांगेत फिरवायला दिली.

मी रुमानियात पोहोचलो होतो तेव्हा हॉलच्या दारात काकू दिसल्या. गुडघे धरून तीन जिने उतरल्या होत्या. पदर खांद्यावरून घसरलेला, श्वास लागलेला.

"आजोबा पडले रे!" त्या म्हणाल्या. "न्हाणीत पडले. भिंतीतसून हाक ऐकलंय. चावी दी!"

आजोबा म्हणजे आमच्या समोरच्या, काकूंच्या भिंतीला भिंत लागलेल्या घरातले. वय चौऱ्याऐंशी. मुलीकडे राहतात, आणि मुलगी पवईला ऑफिसात. शनिवारचीसुद्धा जाते. दिवसभर आजोबा एकटे. त्या मुलीने सगळा संसार एका गोष्टीवर उभा केला होता. वडिलांनी आतून कडी लावायची नाही, फक्त लॅच ओढायची, आणि लॅचची चावी काकूंच्या खिळ्यावर. जन्मभर कडीकोयंडा लावून झोपलेल्या त्या म्हाताऱ्याला कडी न लावण्याची सवय लावायला तिला सहा महिने लागले होते. ती चावी तिथे आहे म्हणून ती रोज सकाळी नऊला घराबाहेर पडू शकत होती.

काकू टेबलाशी आल्या. हिरवं कापड, दहा चाव्या, दहा लेबलं. "आजोबांची खयची?"

मी चाव्यांकडे बघितलं. सहा वर्षांपूर्वी जिन्यातल्या बहुतेकांनी एकाच दुकानातून, एकाच सुताराकडून लॅच बसवून घेतल्या होत्या. सगळ्या चाव्या सारख्या.

"बहुतेक... इटली," मी म्हणालो. "नाहीतर स्पेन."

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "मेल्या," त्या म्हणाल्या, "माका देशाचा नाव नको. घराचा सांग!"

मी सगळं कापडात गोळा केलं आणि जिना चढत सुटलो. मागून जवळजवळ सगळा कट्टा. वर पोहोचलो तर आजोबांच्या दारातून करपल्याचा वास येत होता. त्यांनी चहा टाकलेला असणार. कुणीतरी त्यांच्या मुलीला फोन लावत होतं, कुणीतरी बाहेरचा गॅसचा कॉक शोधत होतं. मी पहिली चावी लावली. आत गेली, फिरली नाही. दुसरी आतच जाईना. तिसरी गेली, अर्धी फिरली आणि अडकली. ती सोडवायला शेजारच्याने माझं मनगट धरून मागे ओढलं. रुमानिया नाही. सिसिली नाही. फ्रान्स नाही. प्रत्येक वेळी लेबल दारावर आपटून टकटक वाजायचं. आतून आजोबांचा आवाज येत होता, पण काय बोलतात ते कळत नव्हतं, आणि मग तोही थांबला.

तो थांबला तेव्हा मला जे वाटलं ते मला अजून नीट लिहिता येत नाही. आयुष्यात मी बऱ्याच चुका केल्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक पुढे रंगवून सांगितल्या आहेत. ही रंगवता येणार नाही, एवढं तेव्हा कळलं.

आमच्या घराची धरून दहाही चाव्या लावून झाल्या. दार बंदच.

"अकरावी खय?" काकूंनी विचारलं. त्यांनी मनात मोजल्या होत्या.

पोर्तुगाल! मी जिना उतरून धावलो, म्हणजे या वयात जेवढं धावता येतं तेवढं. हॉलमध्ये बी विंगचे एक निवृत्त बँकवाले एकटेच उरले होते. चहाबरोबरचा बटाटेवडा खात होते. त्यांच्या शर्टाच्या खिशातून पुठ्ठ्याचं लेबल लोंबत होतं. मी सरळ त्यांच्या खिशात हात घातला.

"अहो, अहो!" ते दचकले. "परत द्यायचीच होती. फिरत फिरत आली, पुढे कुणी घेईना, म्हणून ठेवली. छान झालं हं भाषण."

दार उघडलं. आधी काकू आत शिरल्या आणि गॅस बंद केला. भांडं काळंठिक्कर झालं होतं. आजोबा न्हाणीघराच्या भिंतीला टेकून बसले होते, डावा हात उजव्या हाताने छातीशी धरून. शुद्धीवर होते. चेहरा पांढरा पडला होता. आम्हाला बघून म्हणाले, "तुम्ही होय? मी गप्पच बसलो. दहा वेळा चावी लागेना. म्हटलं चोर आलेत, आणि तेही शिकाऊ."

काकू हसल्या नाहीत. त्यांनी आजोबांच्या अंगावर टॉवेल टाकला आणि त्यांचं कपाळ पुसलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो काढला. आजोबांच्या मुलीला पवईहून यायला तासाहून जास्त लागला. ती खोलीच्या दारात आली, नेमकं त्याच वेळी डॉक्टर प्लेटवर बोट ठेवून सांगत होते, "बाकी काही नाही. इथे गळ्याखाली हाड मोडलंय, क्लॅव्हिकल. पट्टा लावू, दीडेक महिन्यात सांधेल."

माझ्या टिपणाच्या शेवटच्या पानावर, जिथपर्यंत मी पोहोचलोच नव्हतो, तो शब्द होता. क्लाविकुला, म्हणजे छोटी चावी. हात वर केला की ते हाड चावीसारखं फिरतं म्हणून नाव पडलं, असं काहीजण म्हणतात. मला तो योगायोग इतका भयंकर वाटला की शहारा आला. आणि शहारा आल्यावर शहाणा माणूस गप्प बसतो.

"म्हणजे छोटी चावी," मी म्हणालो. "लॅटिनमध्ये."

मुलीने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या कापडाच्या गाठोड्याकडे. एकेक लेबल वाचत पोर्तुगालची चावी शोधून काढली, दोरा तोडला आणि चावी पर्समध्ये टाकली. पुठ्ठ्याचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी काकू मला घेऊन जिनाभर हिंडल्या. मी मागे गाठोडं घेऊन. प्रत्येक दारात उभं राहायचं, घंटा वाजवायची, "जरा चावी लावून बघू का" म्हणायचं, आणि दार आतून उघडं असताना बाहेरून कुलूप फिरतंय का ते बघायचं. प्रत्येक घरात मला सगळी हकिकत पहिल्यापासून सांगावी लागली. काकू मधे बोलायच्या नाहीत. चावी जुळली की ती मुठीत धरून वर जायच्या, खिळ्यावर लावायच्या, गुडघे धरत परत यायच्या. "सगळ्या जुळल्यावर एकदम लावा ना," असं मी एकदा म्हणालो. त्यांनी पुढच्या दाराची घंटा वाजवली.

संध्याकाळी फळीवर दहा चाव्या होत्या. एक खिळा मोकळा. काकूंनी चहा केला नाही, स्टुलावर बसून त्या खिळ्याकडे बघत राहिल्या. "वीस वर्सांत एकान परत नेली नव्हती," त्या म्हणाल्या. मला तेव्हा कळलं की मोडलेल्या हाडापेक्षा जास्त काहीतरी मी मोडून ठेवलंय, आणि त्याला लावायला पट्टा मिळत नाही.

मी समोरच्या घरी गेलो. आजोबा झोपले होते. त्यांच्या मुलीला सांगितलं, "काकूंनी मला लिहून ठेव म्हणून सांगितलं होतं. मी भाषणातलं वाक्य लिहीत होतो. चूक सगळी माझी आहे. चावी त्यांच्याकडून काढून घेऊ नकोस." ती म्हणाली, "काका, तुम्ही बसू नका. बाबा जागे होतील." दार हळूच लावलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

तीन दिवस तो खिळा मोकळा होता. आजोबांची मुलगी सुट्टीवर होती, तेव्हा अडलं कुणाचंच नव्हतं. पण मी कुठलं ना कुठलं निमित्त काढून काकूंकडे जायचो आणि दारामागे डोकावायचो. कधी विरजण, कधी कढीपत्ता. बायको म्हणाली, "तुम्हाला कढीपत्ता आणि पुदिना यातला फरक कळत नाही, आणि दिवसातून दोनदा आणताय."

चौथ्या दिवशी सकाळी मी असाच तिथे उभा असताना आजोबांची मुलगी ऑफिसच्या कपड्यांत आली. आज तिला जायलाच हवं होतं. तिने पर्समधून चावी काढली आणि काकूंच्या हातात दिली. "काकू, बाबांना कडी लावू नका म्हणून सांगितलंय. एक वाजता जरा डोकावाल?"

काकूंनी चावी घेतली, पदराने पुसली आणि त्या मोकळ्या खिळ्यावर अडकवली. मग ती सरळ लोंबतेय ना ते बघितलं. मी सुटकेचा श्वास सोडला. तो जरा मोठ्यानेच सुटला असावा, कारण मुलीची नजर माझ्यावर गेली.

"आणि हे काका परत मागायला आले तर?" तिने काकूंना विचारलं. मी हातभर अंतरावर उभा होतो.

"ह्येका?" काकू म्हणाल्या. "ह्येच्या हातात मी आता भरललो चमचोपण देवचंय नाय. सांडतलो, नि वर त्याचा कूळ सांगीत बसतलो."